शनिवारचा शब्द

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला साठ वर्षं होत आली. तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या आतले होतात आणि मी आता सत्त्याहत्तरीची आहे. वयाने मी तुमच्यापेक्षा केव्हाच मोठी झाले, पण अजूनही तुमची आठवण आली की पदर सावरून बसते. परवा माझ्या नातीने मोबाइलमध्ये एक गंमत दाखवली. कुठलाही इंग्रजी शब्द टाकायचा, की आतली बाई तो मोठ्याने म्हणून दाखवते. मला बसल्या जागी चाळा लागला. तुम्ही फळ्यावर देवनागरीत लिहून दिलेले सगळे उच्चार मी एकेक करून तपासले. यॉट बरोबर निघाला, व्हिटल्स बरोबर, राँदेवूसुद्धा बरोबर. फक्त 'एपिटोम' तुम्ही चुकीचा शिकवलात, ती बाई एपिटमी म्हणाली. मी हसले, नात म्हणाली, "आजी, एकटीच काय हसतेस?" मग मला तो एक शब्द आठवला आणि मी मोबाइल तिच्या हातात परत दिला. तो शब्द मी टाकला नाही. त्याचा उच्चारही मला येतो आणि अर्थही. त्या शब्दापायी एका म्हातारीचा जीव गेला, आणि त्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं राहिलं आहे.

फुलसावंगीच्या अलीकडचं आपलं गाव. त्या काळी सगळा कारभार पुसद तालुक्यात. छप्पन साली जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, तेव्हा कचेरीतले कागद बदलले, शिक्के बदलले, पण तुमच्या मिडल स्कूलच्या भिंतीवरचा नकाशा काही बदलला नाही. सातवीत आम्ही चार मुली आणि एकोणीस मुलं. शनिवारची शाळा सकाळची असायची, आणि शेवटच्या तासाला 'शनिवारचा शब्द'. आठवड्याभरात कुठे वेगळा इंग्रजी शब्द दिसला की तो वहीत उतरवून आणायचा. कोणी काडेपेटीवरून आणायचा, कोणी शिलाई मशीनच्या तेलाच्या डबीवरून, कोणी जिनिंगच्या इंजिनावरून. तुम्ही तो फळ्यावर लिहायचे, खाली देवनागरीत उच्चार, त्याखाली अर्थ. जी अक्षरं म्हणायची नसत त्यांना तुम्ही 'मुकी' म्हणायचे आणि त्यांच्या डोक्यावर खडूने टोपी काढायचे. पूस नदीत उन्हाळ्यात म्हैस बुडायची मारामार, आणि आम्ही यॉट म्हणजे शर्यतीची होडी हे पाठ करत होतो. तुम्हाला स्वतःला याची गंमत वाटायची. "पोट्टेहो, होडी पाह्यली नाई म्हून काय झालं? नाव तर माहीत पाह्यजे. उद्या पूर आला तं!" असं म्हणून तुम्हीच आधी हसायचे.

गावाला मात्र इंग्रजीची भीती वाटायची, आणि ती उगाच नव्हती. आपल्या गावात परका इंग्रजी शब्द कधी चांगल्या कामाने आलाच नाही. समन्स आला, वॉरंट आला, कॉलऱ्याच्या साथीत क्वारंटाइन आला, विहिरीत पडलेल्या सुतारासाठी पोस्टमॉर्टेम आला. आणि तार तर सगळ्यांत वाईट. पुसदहून तारवाला सायकलवर गावात शिरला की बाया हातातलं काम टाकून दाराशी येत. तो कोणाच्या दारी थांबतो ते बघत राहत, आणि पुढे गेला की श्वास सोडत. तार वाचणारे गावात तुम्ही एकटेच. तुमची एक रीत होती. तार आधी मनात वाचायची. बरी असेल तर लगेच सांगायचं. वाईट असेल तर आधी विचारायचं, "जेवले का?" जेवलेले नसतील तर आत काकूंना सांगून भाकर वाढायची, पाणी पाजायचं, मग सांगायचं. मरणाची बातमी कळली की घरची चूल पेटत नाही, माणूस दोन-दोन दिवस उपाशी राहतो, पुढे किती धावाधाव असते. किती शहाणपणाची रीत होती! पण गाव हुशार होतं. थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं, की गुरुजींनी जेवायचं विचारलं म्हणजे गेलं माणूस. पुढेपुढे तर कोणी रस्त्यात तुम्हाला भेटून तुम्ही सहज "जेवला का बापा?" म्हटलं तरी समोरचा हातातलं टाकून घराकडे पळायचा. काकू तुम्हाला म्हणायच्या, "तुम्ही आता लोकाइले चहाचंच इचारत जा."

तुमची डिक्शनरी शाळेच्या लाकडी कपाटात, लाल कापडात बांधलेली असे. कपाटाची किल्ली तुमच्या जानव्याला. एकदा तुम्हाला ताप होता म्हणून तुम्ही मला किल्ली देऊन नकाशा काढायला पाठवलंत, आणि मी मेलीने ते लाल कापड सोडून बघितलं. पहिली पानं नव्हतीच. वाळवीने ती खाऊन त्यांचं पीठ केलं होतं आणि पुस्तक डी अक्षरापासून सुरू होत होतं. तेव्हा मला कळलं, की ए, बी, सीचे अवघड शब्द तुम्ही कधीच का शिकवत नाही. कोणी आणला तर "हा सोपा आहे, पुढचा सांग" म्हणून का टाळता. मी कापड होतं तसं बांधलं आणि कोणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला तुमच्याबद्दल एक गुपित माहीत होतं, आणि चौदा वर्षांच्या मुलीला गुपित माहीत असणं चांगलं नसतं. मी हुशार होते, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलं होतं, आणि त्याचा माज मला चढला होता. मी सी अक्षराचा शब्द शोधत राहिले.

तो आईच्या दुखण्यात सापडला. आईला विषमज्वर झाला होता, यवतमाळच्या दवाखान्यातून तिला महिन्याने घरी आणलं. सोबत माल्टच्या भुकटीचा एक डबा होता, दुधातून द्यायचा. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे लहान बाळांसाठी, इनव्हॅलिड लोकांसाठी आणि कॉन्व्हॅलेसंट लोकांसाठी. डबा हाती आला तेव्हा दवाखान्यातच मी तिथल्या नर्सबाईंना तो शब्द विचारला होता. त्यांनी तो मला तीनदा म्हणायला लावला आणि आईकडे बोट करून म्हणाल्या, "ही बघ तुझी आई. दुखणं गेलं, जीव वाचला, फक्त अंगात ताकद भरायची आहे. अशा माणसाला म्हणतात." तो शब्द मला फार आवडला. आई खाटेवर बसून डाळभात मागायला लागली होती, त्याचंच ते नाव होतं. एवढा चांगला शब्द, आणि मी तो दोन आठवडे सांभाळून ठेवला तो तुम्हाला पकडण्यासाठी.

शनिवारी मी तो फळ्यावर लिहिला. तुम्ही त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिलात. "कुठी सापडला तुले हा?" मी डब्याचं सांगितलं, त्यावरची ओळ सांगितली. तुम्ही टाळू शकला असता. त्या दिवशी का कोण जाणे, टाळलं नाहीत. तुम्ही विचार करून, अगदी पायरी-पायरीने अर्थ लावलात. आधी बाळ, म्हणजे अशक्त. मग इनव्हॅलिड, म्हणजे खाटेला खिळलेला. मग हा शब्द, म्हणजे त्याच्याही पुढचा, ज्याची आशा सुटली तो. तुम्ही तसं लिहिलंत. तर्क इतका सरळ होता की आज मी तो कोणाला ऐकवला तर त्यालाही पटेल. पण मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाही गुरुजी. बरा होत असलेला, असा अर्थ आहे. नर्सबाईंनी सांगितला. तुमच्या डिक्शनरीत बघा ना." शेवटचं वाक्य मी जाणूनबुजून म्हटलं. तुमचा चेहरा उतरला. मुलं खुसखुसली. मग तुम्ही मला जे बोललात ते त्याआधी कधी बोलला नव्हतात. "नर्सबाई तुले इंग्रजी शिकवते का मी? माझं चुकलंच असंल तं घरी येऊन एकटीनं सांगायचं. चारचौघांत मास्तराचं तोंड धरायचं नाई. समजलं का?" मी समजलं म्हणाले. शाळा सुटेपर्यंत मला भिंतीशी उभं केलंत आणि तो चुकीचा अर्थ फळ्यावर तसाच राहिला.

आता तांड्यावरच्या त्या म्हातारीचं. गावापासून अर्ध्या कोसावर बंजाऱ्यांचा तांडा, तिथली ती. तिचा एकुलता मुलगा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता. अंगावर दगड पडून तो दवाखान्यात असल्याचा निरोप आला, तेव्हा ती तुमच्याकडे पत्र लिहून घ्यायला आली. मी त्या दिवशी काकूंना शेवया करू लागत होते, म्हणून स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं. तिचं मराठी आपल्यासारखंच, मधूनच हिंदी. ती म्हणाली, "गुरुजी, लिहा का मी येऊ का म्हून. अन् लवकर सांगा म्हणाव." तुम्ही विचारलं, एवढ्या लांब जाशील कशी, पुसदहून मोटर धरावी लागेल. तर ती हसली. "मोटर कायले? मोटरीत मले वकारी येते. आमची लदेणीची वाट हाये ना." लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून दूरदूर नेणं, त्यांच्या आज्या-पणज्यांचा तोच धंदा. लहानपणी ती आज्याच्या शेवटच्या लदेणीत चालत गेली होती. बोटांवर मोजत तिने तुम्हाला वाटेवरच्या विहिरींची नावं सांगितली, एक चिंचेखालची, एक दगडी पायऱ्यांची, एक महादेवापाशी. सात विहिरी. काकू मला हळूच म्हणाल्या, "हे बुढी पायी निंगते का काय!" तुम्ही पत्रात तिच्या वतीने विचारलंत, आई येऊ पाहते, यावं का.

दहा-बारा दिवसांनी तार आली. चैत्र संपत आला होता, रोजचीच शाळा सकाळची झाली होती. अकराच्या सुमाराला मुलं गेली आणि मी फळा पुसायला थांबले होते. बाहेर उन्हाने डोळे उघडवत नव्हते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तारवाला सायकल ढकलत आला, मागून ती म्हातारी, डोक्यावर चारोळीची टोपली तशीच, आणि तिच्यामागे सून कडेवर लेकरू घेऊन. म्हातारी बाजाराला निघाली होती आणि तारवाल्याने तिला वेशीवरच गाठलं होतं. त्यांच्या मागून आठ-दहा गावकरी, न बोलता. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण तार आली की माणसं येतातच. ती म्हातारी शाळेच्या ओसरीवर बसते, टोपली बाजूला ठेवते आणि तुमच्या हाताकडे बघत राहते. तोंडाकडे नाही, हाताकडे. तुम्ही पाकीट फोडता. मी फळ्याजवळून दारात येऊन उभी राहते.

तार मी नंतर पाहिली. पण त्याआधीच तुमचे ओठ हलताना मी ती वाचली होती. सन कॉन्व्हॅलेसंट. नो नीड कम. लेटर फॉलोज. दवाखान्याच्या कोणा बाबूने तुमच्या पत्राला दिलेलं साधं, चांगलं उत्तर. मुलगा बरा होतो आहे, यायची गरज नाही, मागून पत्र येतंय. पण फळ्यावर तुम्ही जो अर्थ लिहिला होता तो घेऊन वाचलं तर? मुलाची आशा सुटली. येऊन उपयोग नाही. बाकीचं पत्रात. गुरुजी, तो चुकीचा अर्थ त्या तारेत किती नीट बसत होता! जणू तारच त्याच्यासाठी लिहिली होती. तुम्ही एकदा वाचलंत, दुसऱ्यांदा वाचलंत, आणि मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलंत. त्या आठ-दहा माणसांवरून तुमची नजर माझ्यावर येऊन थांबली. तुम्ही विचारत होतात. शब्दाने नाही, पण विचारत होतात, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. शनिवारची पोर बरोबर होती का, एवढंच तुम्हाला हवं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी तुम्ही ओळखलं असतं. मी खाली पाहिलं. चारचौघांत बोलायचं नाही असं तुम्हीच बजावलं होतं, मी तुमचा हुकूम पाळला, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले.

तुम्ही तार घडी केलीत आणि म्हणालात, "जेवली का वं माय?"

सुनेने तिथेच टाहो फोडला. म्हातारी रडली नाही. काकूंनी तिला शाळेमागच्या तुमच्या घरात नेऊन पानावर भाकर आणि पिठलं वाढलं, तर ती चुलीकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "आधी सांगा." तुम्ही उंबऱ्यात उभे राहून सांगितलंत. "पोराची आशा नाई राह्यली, माय. येऊ नका म्हणते. पत्र येऊन राह्यलं मागून." तिने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "येऊ नका काहून म्हणते? माय हाये मी त्याची." तुम्ही तारेची घडी पुन्हा उघडलीत. "मेला म्हणते का तार? तसा शबुद हाये का त्याच्यात?" तुम्ही म्हणालात, तसा नाही, पण अर्थ तोच. "मंग मी त्याले पाह्यल्याबगर मानत नाई," ती म्हणाली. भाकर तिने खाल्ली नाही, पण अन्नाला नाही म्हणू नये म्हणून पदराच्या टोकाला बांधली आणि उठली. दुपारभर तांड्याकडून बायांच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, गळ्यात गळा घालून, लांब सुरात रडत होत्या. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. एवढे लांब-लांबचे शब्द आपण शनिवारी गोळा केले, अर्ध्या कोसावरच्या माणसांचा एकही कधी फळ्यावर लिहिला नाही.

मी घरी गेले. जेवले. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, तार कोणाची होती? मी सांगितलं. ती हळहळली आणि मी तिच्यासमोर तांदूळ निवडायला बसले. अजूनही वेळ होता, गुरुजी. एकटीने घरी येऊन सांग, असंही तुम्ही म्हणाला होतात. तुमचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी मी पाणी भरायला तुमच्या दारावरून दोनदा गेले. तुम्ही ओसरीत पाठ टेकून बसला होतात, पुढ्यात ते लाल कापड सोडलेलं. उद्या सांगू, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत बातमी आली की म्हातारी घरात नाही. पहाटेच निघून गेली. सुनेला वाटलं नाल्यावर गेली असेल. तांड्याच्या नायकाने पुसदच्या मोटर स्टँडवर माणूस धाडला, तिथे कोणी तिला पाहिलं नव्हतं. तेव्हा मला सात विहिरी आठवल्या. तुम्हालाही आठवल्या असणार, कारण तुम्ही हातातला खडू ठेवून दिलात आणि वर्ग तसाच सोडून तांड्याकडे निघालात, डोक्याला काही न बांधता.

तिसऱ्या दिवशी आर्णीच्या बाजूला, रानात, मेंढरं चारणाऱ्यांना ती सापडली. ऊन लागून गेली होती. पहिल्या दोन विहिरींना गाळ का होईना, पाणी होतं. तिसरी बुजलेली होती, कोणीतरी दगड-माती टाकून वर तूर पेरली होती, नुसत्या वरच्या दोन पायऱ्या दिसत होत्या. ती त्या पायरीवर बसलेली होती म्हणे. तिला खात्री असणार की विहीर इथंच आहे, कारण होतीच. तिच्या लहानपणी तिथे सगळ्या तांड्याच्या बैलांना पुरेल एवढं पाणी होतं. पदराला भाकर तशीच बांधलेली होती. ज्या रस्त्याने मोटर जात होती तो तिथून दीड कोसावर होता. दुसरं कोणी असतं तर त्या रस्त्याने गेलं असतं, कोणीतरी पाणी पाजलं असतं, परत आणून घातलं असतं. पण तिच्या माणसांची वाट ती होती. तिला बैलगाडीतून आणलं तेव्हा मी आमच्या दारातून पाहिलं आणि आत पळाले.

दोन दिवसांनी पत्र आलं. खाणीतल्याच कोणी गाववाल्याने मराठीत लिहिलेलं, मजकूर मुलाचा. पायाचं हाड बसतंय, ताप उतरला, जेवण जातंय, याडीला सांगा उन्हातान्हाची येऊ नको, मीच पावसाळ्याआधी येतो. याडी म्हणजे आई. तुम्ही ते तांड्यावर जाऊन वाचलंत. सगळ्यांसमोर, मोठ्याने, शेवटपर्यंत. नायक सोबत होता, त्याने नंतर आमच्या वडिलांना सांगितलं की वाचताना गुरुजींचा आवाज एकदासुद्धा हलला नाही आणि वाचून झाल्यावर त्यांना खाली बसवावं लागलं. सून फक्त म्हणाली, "तुमच्याच तोंडानं मारला अन् तुमच्याच तोंडानं जिता केला. बुढीले कोण जिती करीन?" हे गावभर झालं. त्यानंतर लोक तुमच्यासमोर पहिल्यासारखे बोलायचे नाहीत. तार आली की तारवाल्यालाच विनवत, बाबा, पुसदला कोणाकडून वाचून आण.

तुम्ही मला रिकाम्या शाळेत बोलावलंत. खुर्चीवर बसला नव्हतात, मुलांच्या बसायच्या पट्टीवर बसला होतात. मला वाटलं मारणार. "तुले माहीत होतं," तुम्ही म्हणालात. मी हो म्हणाले. "मंग मी तुह्याकडे पाह्यलं तवा बोलली काहून नाई?" माझ्या तोंडातून एका झटक्यात उत्तर निघालं. "तुम्हीच सांगतलं होतं ना गुरुजी, चारचौघांत मास्तराचं तोंड धरायचं नाई म्हून." बाहेर लिंबाचा मोहर झडत होता. मग मान हलवत म्हणालात, "बरोबर आहे. मीच सांगतलं होतं. तुही चूक नाई पोरी. माही आहे." आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

पुढच्या शनिवारी तुम्ही तो शब्द पुन्हा फळ्यावर लिहिलात. खाली बरोबर अर्थ लिहिलात, आणि सगळ्या वर्गाला सांगितलंत की मास्तर चुकला, ही मुलगी बरोबर होती, मी तिला गप्प केलं म्हणून एक माय गेली. कपाटातली डिक्शनरी काढून वाळवीने खाल्लेली जागा सगळ्यांना दाखवलीत. मुलांपैकी कोणीही हसलं नाही. तो शेवटचा शनिवारचा शब्द. तुम्ही स्वतः अर्ज करून राळेगावकडे बदली मागून घेतलीत. जायच्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या आणि माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. नागपूरहून टपालाने मागवलेली नवी कोरी डिक्शनरी, ए पासून झेडपर्यंत पूर्ण. पहिल्या पानावर तुमचं ते लपेटदार अक्षर होतं: 'मोठ्या माणसाचं चुकलं तर सगळ्यांसमोर सांगत जा. माझी आज्ञा मागे घेतो.' त्या पुस्तकावर मी मॅट्रिक झाले, कॉलेज केलं, तीस वर्षं यवतमाळात मुलींना इंग्रजी शिकवलं. लोक विचारत, बाई, इंग्रजीची गोडी कोणी लावली? मी तुमचं सांगायची आणि विषय बदलायची.

तीन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं. काकू मला म्हणाल्या, शेवटी-शेवटी तुम्हाला झोप लागायची नाही, आणि जागेपणी एकच बोलायचे, की त्या पोरीला मी गप्प केलं, नाहीतर ती बोलली असती. ती बोलणारी पोर होती. काकूंना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी त्यांच्याजवळ बसून खूप रडले आणि त्यांनीच माझी समजूत घातली. तेव्हा सांगायला हवं होतं, निदान त्यांना तरी. तेही झालं नाही, आणि आता त्याही नाहीत.

आता लिहिते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. गुरुजी, तुमची आज्ञा मला त्या क्षणी आठवलीच नव्हती. ती मला आठवली रिकाम्या शाळेत, तुम्ही विचारल्यावर. ओसरीवर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की आता होऊ दे यांची फजिती. दोन-चार दिवसांत पत्र येईल, मुलगा जिवंत निघेल, सगळ्या गावाला कळेल की गुरुजी चुकले आणि मी बरोबर होते. म्हातारी चार दिवस रडेल आणि मग हसेल, एवढाच माझा हिशोब होता. तुम्ही माझ्याकडे मदत मागत होतात हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मी मान खाली घातली ती भीतीने नाही. मला हसू आलं होतं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून.